पडद्यावरचं मिनिट

ललितच्या घरगुती स्टुडिओत मेघाच्या वाट्याला येणारं सगळ्यात किचकट काम म्हणजे गाणाऱ्याचे श्वास कापणं. गाणारा दोन ओळींच्या मधे दम घेतो, आणि तो माइकमध्ये येतोच. मेघा हेडफोन घालून बसायची, कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ ताणून मोठी करायची आणि शब्दांच्या दोन टेकड्यांमधला तो बारका उंचवटा नेमका उचलून टाकायची. तीन वर्षांत तिची नजर इतकी बसली होती, की आवाज न ऐकता नुसत्या रेघेवरून ती सांगायची, हा श्वास, हा ओठ उघडल्याचा आवाज, ही गल्लीतून गेलेली मोटरसायकल.

त्यामुळे स्वतःच्या मुलीचे श्वास मोजायची वेळ आली तेव्हा या घरात कॉम्प्युटरच पुढे आला, यात नवल नव्हतं.

घर दोंडाईच्याला, स्टेशनकडून बाजारात येणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत. तीन खोल्या. मागच्या खोलीच्या भिंतींना तिच्या नवऱ्याने, ललितने, जुन्या गोधड्या ठोकल्या होत्या, दाराला गादी बांधली होती, आणि तिला सगळे स्टुडिओ म्हणत. अहिराणी गाणी तिथे होत. लग्नाची, हळदीची, आणि श्रावण लागला की कानबाईची. आता हा रविवार सोडून पुढच्या रविवारी कानबाई देवीचा सण होता, म्हणजे दहा दिवसांत तीन गाणी बाहेर जायची होती, आणि ललितला जेवायला दोनदा हाक मारावी लागत होती.

आणि नेमकी याच आठवड्यात गार्गी आजारी पडली.

गार्गीला तेरावा महिना चालू होता. बुधवारी नाक गळायला लागलं, गुरुवारी खोकला आला, अंग कोमट लागायला लागलं. मेघाने धुळ्याच्या डॉक्टर मॅडमना फोन केला. मॅडम तिला चांगल्या ओळखून होत्या. वर्षभरात मेघा दोनदा गार्गीला घेऊन धुळ्याला धावली होती, एकदा दात येतानाच्या तापासाठी आणि एकदा उचकी थांबेना म्हणून. दोन्ही वेळा मॅडमनी हसून परत पाठवलं होतं.

"घाबरू नका," मॅडम फोनवर म्हणाल्या, "पण एक करा. ती झोपलेली असेल तेव्हा श्वास मोजा. पूर्ण एक मिनिट. वर्षाच्या पुढच्या मुलाला चाळीस ही रेघ धरायची. चाळीस किंवा त्याच्या वर दिसले, की मला विचारत बसू नका, सरळ घेऊन या. खाली असतील आणि ती दूध पितेय, खेळतेय, तर घरीच बरी होईल."

मेघाने वहीत चाळीस लिहिलं आणि त्याच्याखाली दोनदा रेघ ओढली.

पण मोजणं काही सोपं नव्हतं. झोळीत निजलेल्या गार्गीच्या पोटावर हात ठेवला की ती कूस बदलायची. नुसतं बघून मोजायला जावं तर मधेच ती उसासा टाकायची, मधेच दोन श्वास एकात एक मिसळायचे. गुरुवारी दुपारी तिने तीनदा मोजले. तेहेतीस आले, मग एकोणचाळीस, मग छत्तीस.

"तुझा आकडा तुझ्या भीतीवर चालतो," ललित म्हणाला. तो चेष्टेने नव्हता म्हणत. कपाळावर हेडफोन चढवलेला, डोळे लाल. "घाबरलीस की एकोणचाळीस, सावरलीस की तेहेतीस."

झोळीची दोरी ओढत बसलेल्या वच्छलाबाई, म्हणजे मेघाच्या सासूबाई, हसल्या. "आमनी सून म्हंजे अ‍ॅम्ब्युलन्स शे. पोर शिंकनी का निंघनी धुळाले. अव माय, बठ्ठ्या पोरेस्ले सर्दी व्हस."

सर्दी कोणत्या पोराला होत नाही, हे मेघालाही कळत होतं. त्यांचं सगळं चूकही नव्हतं. ती रात्री उठून उठून गार्गीच्या नाकासमोर बोट धरायची, हे सगळ्या घराला माहीत होतं. आपल्या मनाला जे वाटतं त्यातलं खरं किती आणि भीती किती, हे तिचं तिलाच ओळखू येत नव्हतं.

तोडगा ललितनेच काढला. स्टुडिओतला लांब वायरीचा माइक त्याने मधल्या खोलीत आणला आणि झोळीच्या कडीला टांगला. "ती झोपली की इथून रेकॉर्ड कर. पडद्यावर बघ. एका मिनिटात किती उंचवटे, ते मोज. तू तर डोळे मिटून मोजशील. मशीनला भीती वाटत नाही."

ते मेघाला पटलं. शुक्रवारी दुपारी तिने पहिल्यांदा रेकॉर्ड केलं. पडद्यावर गार्गीचा श्वास उमटला. एक लहान उंचवटा, एक त्याहून लहान, मग थोडी सपाट रेघ, परत उंचवटा. त्यांच्या मधेमधे भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीच्या बारीक टाचण्या उभ्या होत्या. गाण्यात असलं काही चालत नाही, म्हणून मेघाचा हात सवयीने आवाज साफ करायच्या बटणाकडे गेला. टाचण्या पुसल्या गेल्या, श्वास तेवढे राहिले. वरच्या पट्टीवर शून्य ते एक मिनिट आखून तिने मोजले. चौतीस.

तिने परत मोजले. चौतीसच. तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं.

शनिवारी सकाळी पस्तीस आले. शनिवारी संध्याकाळी छत्तीस. चढत होते, पण चाळीसच्या खाली होते. आणि तरी झोळीशी उभं राहिलं की तिला गार्गीचं पोट पळाल्यासारखं हलताना दिसायचं. दूध ती अर्ध्यावर सोडायला लागली होती. मेघा वही उघडून आकडा बघायची आणि स्वतःला गप्प करायची. आकडा खाली आहे. आपण आकड्याने चालायचं ठरवलंय.

रविवारी दुपारी दीडच्या सुमाराला गार्गी झोपली. मेघाने दहा मिनिटं रेकॉर्ड करून घेतलं आणि मागच्या खोलीत येऊन बसली. मोजले. सदतीस.

ती वहीत सदतीस लिहीत असतानाच ललितचा फोन वाजला. चिंधा होता. साक्रीकडचा गाणारा, उंच आणि बारीक आवाजाचा, गुरुवारी येऊन कानबाईचं गाणं गाऊन गेलेला. ललितने त्याला सकाळी कच्चं गाणं पाठवलं होतं. दोन्ही हात कामात होते म्हणून त्याने फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

"ललितभो, हाऊ काय धाडं तू माले?"

"का, काय झालं चिंधाभाऊ?"

"मना आवाज जाड कसाले व्हयना? मी ऐकं, मनी बाईनी ऐकं. बाई म्हने, हाऊ तुम्हना आवाज नही, तुम्हना बाप गाई ऱ्हायना." मागून बाईमाणसाचं हसू ऐकू आलं. "मना बापले मरीसन बारा वरीस व्हयनात, भो."

ललितही हसला. "मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं असेल तुम्ही. आणि गुरुवारी तुमचा घसा बसला होता."

"घसा तुना ट्रॅकनी बसाडा. कितला वर व्हता तो सूर. आनि पळे कितला. मी त्याना मांगे धायधाय पळनू. माले वाटनं, मीच म्हातारा व्हयनू."

"पट्टी जरा चढीच होती, खरं आहे. जळगावहून बनवून आलाय ना वाद्यांचा ट्रॅक. बघतो मी."

"देख. मंग बायका नाचथीन का रडथीन, सांग माले."

फोन ठेवला गेला. ललित परत पडद्याकडे वळला. मेघा मात्र हातातलं पेन तसंच धरून बसली होती.

"ते गाणं लाव ना एकदा," ती म्हणाली.

"आत्ता? ऐकलंय तू ते शंभरदा."

"हेडफोनवर ऐकलंय. तुझ्या मोबाइलवर लाव. चिंधाभाऊंना पाठवलंस तेच."

ललितने कंटाळून लावलं. कच्च्या गाण्याच्या सुरुवातीला त्याचाच आवाज होता, चिंधाला ताल देण्यासाठी म्हटलेला, एक, दोन, तीन, चार. मग ढोल आला, मग चिंधा.

"हा तुझा आवाज आहे?" मेघाने विचारलं.

"मग कोणाचा?"

"एक, दोन, तीन. हे तू म्हणतोयस? असा बोलतोस तू?"

त्याने परत लावलं. मोबाइलमधला ललित जाड आणि सुस्त आवाजात, जणू नुकताच झोपेतून उठल्यासारखा, एक म्हणून थांबला, दोन म्हणून थांबला. ललितच्या भुवया जवळ आल्या, पण तो म्हणाला, "स्पीकर असतो गं. फोनला हजार भानगडी."

फोनचा स्पीकर आवाज पातळ करतो, मेघाच्या मनात आलं, जाड नाही करत. ती उठली नाही. तिने गार्गीची आताची फाइल आपल्या मोबाइलवर घेतली आणि कानाला लावली. सुरुवातीला, माइक कडीला अडकवताना, ती स्वतः कुजबुजली होती. नीज माय, नीज.

कानात आलेली बाई ती नव्हती. कोणीतरी वयस्क, भरल्या गळ्याची बाई तिच्या मुलीला निजवत होती.

मेघाने मोबाइल खाली ठेवला.

तिने पडद्यावर गार्गीची फाइल परत उघडली. आजची फाइल अजून साफ केली नव्हती. श्वासांच्या मधे टिकटिकीच्या टाचण्या तशाच उभ्या होत्या. मधल्या खोलीतलं घड्याळ सेकंदाला एकदा वाजतं. एका मिनिटात साठ. तिने शून्यापासून मोजायला सुरुवात केली. दहा. वीस. तीस. बोट पडद्याला टेकवून, एक एक करत. पन्नास. वरच्या पट्टीवर मिनिटाची खूण जवळ आली. त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न.

खूण आली होती.

चुकलं असेल. तिने परत मोजलं, आता पेनाने वहीत टिंबं काढत. पंचावन्न.

"ललित."

"हं."

"आपल्या मधल्या खोलीतलं घड्याळ मागे पडतं का?"

"नाही. का?"

"मिनिटाला पंचावन्नदा वाजतंय ते. या मिनिटाला." तिने पडद्यावरच्या मिनिटावर बोट ठेवलं. "घड्याळ नीट आहे ना? मग हे मिनिट खोटं आहे."

ललित आधी तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने खुर्ची ओढली. त्याने टिकटिक मोजली, ओठ हलवत. मग त्याने माइकचा आवाज कॉम्प्युटरला देणाऱ्या साउंड कार्डाचं पान उघडलं, आणि तिथेच थांबला.

"अठ्ठेचाळीस," तो हळूच म्हणाला.

"काय अठ्ठेचाळीस?"

"बुधवारी भूषण आला होता ना शूटिंगला. व्हिडिओला अठ्ठेचाळीसवर लागतं, म्हणून कार्ड अठ्ठेचाळीसवर टाकलं. परत उतरवायचं राहिलं." तो डोक्याला हात लावून बसला. "आपली गाण्यांची सगळी कामं चव्वेचाळीस-एकवर. कार्ड सेकंदाला आवाजाचे अठ्ठेचाळीस हजार तुकडे देतंय, आणि सॉफ्टवेअर चव्वेचाळीस हजार शंभर मोजून झाले की म्हणतंय, झाला सेकंद. इथे ऐकलं तर कळत नाही, कारण जातंय त्याच कार्डातून आणि येतंय त्याच कार्डातून. बाहेर गेलं की सगळं लांबतं. गाताना ट्रॅक मात्र हे कार्ड जलद आणि चढा वाजवतं, म्हणून चिंधाला तो पळताना दिसला. आणि म्हणून त्याचा आवाज..."

"चिंधाभाऊ राहू दे," मेघा म्हणाली.

तिने वही पुढे ओढली होती. पडद्याच्या मिनिटात सदतीस श्वास. पण त्या मिनिटात खरे सेकंद पंचावन्नच. सदतीसला साठाने गुणून पंचावन्नाने भागायचं. बी.एस्सी.ला गणितात कधी साठच्या खाली न आलेली बाई, आणि तिला भागाकार जमेना. शेवटी तिने मोबाइलवर केला.

चाळीस, आणि वर थोडे.

तिने वही ललितकडे फिरवली. मग कालचे छत्तीस घेतले. एकोणचाळीस. काल संध्याकाळी एकोणचाळीस होते, आणि ती सुखाने जेवली होती.

"दोन दिवस," ती म्हणाली. "दोन दिवस मी याच्यावर विश्वास ठेवून बसले."

"मेघा, थांब. एकदम घाबरू नको. आपण हाताने मोजू. दोघं."

"माझा हात भीतीवर चालतो."

ललितने खाली बघितलं. "मी मोजतो. तू पण मोज. कोणी कोणाला सांगायचं नाही."

मधल्या खोलीत वच्छलाबाई झोळीची दोरी ओढत होत्या. हे दोघं असे एकदम आत आलेले बघून त्यांचा दोरीवरचा हात थांबला. "काय व्हयनं?"

"आई, एक मिनिट बोलू नका," ललित म्हणाला. त्याने माइक कडीवरून काढून बाजूला ठेवला, झोळीचा काठ खाली केला, गार्गीचं झबलं वर सरकवलं. मेघा दुसऱ्या बाजूला गुडघे टेकून बसली. हात कोणीच लावला नाही. दोघांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. काटा बारावर आला तशी ललितने मान हलवली.

एवढंसं पोट. वर, खाली. वर, खाली. नाकपुड्या श्वासागणिक किंचित फुलत होत्या. काल फुलत होत्या का त्या? मेघाला आठवेना. आठवायला गेलं तर आकडा सुटला असता. अकरा, बारा. गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. गार्गीने ओठ हलवले आणि कूस बदलल्यासारखं केलं. मेघाने स्वतःचा श्वास धरला. बदलली नाही. एकवीस. बावीस. वच्छलाबाई दोरी धरून तशाच, त्यांचेही डोळे नातीच्या पोटावर. तेहेतीस. काटा नऊवर. अडतीस. काटा अकराच्या पुढे. चाळीस. एक्केचाळीस.

काटा बारावर आला.

ललितने तिच्याकडे बघितलं. "बेचाळीस," तो म्हणाला.

"माझे एक्केचाळीस."

वच्छलाबाई म्हणाल्या, "तो आकडा कितला पाहिजे?"

"चाळीसच्या खाली, आई."

मेघा वाट बघत होती. अ‍ॅम्ब्युलन्सची, सर्दीची, बठ्ठ्या पोरेस्ले व्हसची. वच्छलाबाई दोरी खुंटीला अडकवून उठल्या, कोनाड्यातली पिशवी काढली आणि तिच्यात दुपटी भरायला लागल्या. भरता भरताच म्हणाल्या, "दूध कालदिनथीन अर्धं टाकस ती. मी दखं. बोलनू नही." मग पिशवीचा बंद आवळत, "तू काही म्हनी नही, मंग मी काय बोलू."

मॅडमचा दवाखाना रविवारी पाचपर्यंत उघडा असायचा. तीन वाजायला आले होते. ललितने भूषणला फोन लावला. तो दुसऱ्या गाण्याच्या शूटिंगला कॅमेरा घेऊन निघालाच होता. "शूटिंग राहू दे," ललित म्हणाला, "गाडी घेऊन ये. लवकर."

दहा मिनिटांत भूषण दारात आला, मागच्या सीटवरचे दिवे आणि स्टँड डिकीत कोंबले, आणि कोणाला काही न विचारता गाडी वळवली.

वाटेत गार्गी जागी झाली. रडली नाही. तेच मेघाला जास्त लागलं. एरवी गाडीत बसली की ही खिडकीवर थापा मारणारी पोर, आज आईच्या छातीला चिकटून नुसती बाहेर बघत होती. दोन्ही बाजूंना कपाशी. चिमठाणं मागे पडलं. मेघाचा तळहात गार्गीच्या पाठीवर होता, आणि तिच्या मनात आपोआप मोजणी चालू होती. घड्याळ नव्हतं, मिनिट नव्हतं, नुसते आकडे. बासष्ट, त्रेसष्ट. मग ती परत एकपासून सुरू करायची.

"मला वाटलं, मशीन बरोबर असतं," ललित पुढच्या सीटवरून म्हणाला. मागे वळून नाही, समोरच्या काचेकडे बघत.

मेघाला त्याला बरंच काही म्हणायचं होतं. तुझा आकडा तुझ्या भीतीवर चालतो, हे वाक्य तिच्या जिभेच्या टोकाशी येऊन उभं होतं. पण तिने स्वतःच तर त्या टाचण्या पुसल्या होत्या. शुक्रवारी एकदा, शनिवारी दोनदा. पुसल्या नसत्या, नुसत्या एकदा मोजल्या असत्या, तर शुक्रवारीच कळलं असतं.

"हळू घ्यायला सांग भूषणभाऊंना," ती म्हणाली. "खड्डे आहेत."

दवाखान्यात पोचायला साडेचार झाले. बाकावर दोन बायका पोरं घेऊन बसल्या होत्या, त्यांनी गार्गीकडे बघून मेघाला आधी जायला सांगितलं. आतली बाई बाहेर येईपर्यंतची पाच मिनिटं मेघाला सगळ्यात लांब गेली. आत गेल्यावर मॅडमनी तिला ओळखून मान हलवली, आणि त्या हसण्याच्या बेतात होत्या. "काय म्हणतेय आमची गार्गी? आज काय, उचकी?"

"श्वास चाळीसच्या वर आहेत, मॅडम," मेघा म्हणाली. "घड्याळावर मोजलेत. दोघांनी, वेगवेगळे."

मॅडमचं हसू तिथेच राहिलं. त्यांनी गार्गीला मेघाच्या मांडीवरच राहू दिलं, झबलं वर केलं, आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर समोर ठेवलं. "गप्प बसायचं सगळ्यांनी."

मेघाही मोजत होती. मोजायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण ते तिच्या हातात नव्हतं. ललित दाराशी उभा होता, एक हात चौकटीवर. बाहेर कोणाचं तरी मूल किरकिरत होतं. मॅडमचे डोळे पोटावरून घड्याळावर, घड्याळावरून पोटावर.

मिनिट संपलं.

"तुमचे किती?" मॅडमनी विचारलं.

"त्रेचाळीस."

"माझे बेचाळीस." त्यांनी स्टेथोस्कोप कानाला लावला, गार्गीच्या पाठीवर उजव्या बाजूला खाली टेकवला, तिथेच बराच वेळ ठेवला, मग डाव्या बाजूला नेऊन परत उजवीकडे आणला. "इथे आहे थोडं. न्यूमोनियाची सुरुवात म्हणा. आज रात्र इथेच राहू द्या, मला डोळ्यासमोर हवी आहे. आत्ता आलात ते बरं केलंत. उद्या दुपारी आला असता, तर मी तुम्हाला एवढ्या शांतपणे सांगत नसते."

मेघाने मान हलवली. आपलं खरं निघालं याचं बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच तिला शरम वाटली. गार्गीच्या टाळूवर हनुवटी टेकवून ती बसून राहिली.

ललित औषधं आणायला बाहेर गेला. खिडकीतून त्याचा फोनवरचा आवाज येत होता. "नाही चिंधाभाऊ, तुमचा घसा बरोबर होता. गडबड माझ्याकडून झाली. गाणं परत करू. नाही, कानबाईच्या आधीच करू. हो. हो, तुमचे वडील नव्हते ते." जरा वेळ तो ऐकत राहिला. मग एकदम हळू म्हणाला, "नाही, आत्ता घरी नाहीये. धुळ्याला आहे. पोरगी आजारी आहे."

सकाळी सातला वच्छलाबाईंचा फोन आला. गार्गी झोपली होती. रात्री दोनदा दूध प्यायली होती, सगळं. ललित बाकावर बसल्या बसल्याच झोपला होता.

"कितला व्हयनात?" वच्छलाबाईंनी विचारलं. नमस्कार नाही, कशी आहे नाही.

"अडतीस, आई. आत्ताच मोजले."

"अडतीस म्हंजे खाले शे ना?"

"खाली आहे."

सासूबाईंनी आवाज बारीक केला, शेजारी कोणी ऐकू नये तसा. "घड्याळ दखीसन मोजात ना? मशीनवर नही ना?"

"घड्याळ बघून," मेघा म्हणाली. "दोनदा."

"मंग अजून एकदा मोज," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी फोन धरी ऱ्हास."